गंभीर आणि गुह्य : 'रहस्य' या संकल्पनेचा विचार

'झाकली मूठ सव्वा लाखाची' अशी एक म्हण मराठीत रूढ आहे. मुठीत काय आहे हे जोवर कोणी पाहिलेले नाही, तोवर तिचे मोल चढते राहते, असा तिचा भावार्थ. व्यवहारात ही म्हण शहाणपणाची समजली जाते. पालि साहित्यात मात्र हीच झाकलेली मूठ दोष म्हणून आलेली आहे. तेथे तिला 'आचरियमुट्ठि' म्हणजे आचार्याची बंद मूठ असे नाव आहे. आणि आपल्याजवळ अशी मूठ नाही, हे तथागतांनी आयुष्याच्या अखेरच्या पर्वात स्पष्ट शब्दांत सांगितले आहे.

धर्म, साहित्य आणि दैनंदिन जीवन या तिन्ही क्षेत्रांत 'रहस्य' व 'गूढ' हे शब्द आपण सहज वापरतो. परंतु प्रत्येक वेळी त्यांचा अर्थ एकच नसतो. हे अर्थ निवडून वेगळे केले नाहीत तर तीन प्रकारचा घोटाळा होतो. लपवून ठेवलेल्या गोष्टीला आपण खोल समजतो. अजून न कळलेल्या गोष्टीला दैवी समजतो. आणि जे खरोखर खोल आहे ते आपल्यासाठी नाहीच, असे मानून त्याच्यापासून दूर राहतो. ज्या समाजाला शतकानुशतके ज्ञानाच्या दाराबाहेर उभे केले गेले, त्या समाजाला हा घोटाळा फार महागात पडलेला आहे. म्हणून या शब्दाची छाननी करणे हा केवळ भाषेचा अभ्यास ठरत नाही.

शब्दांची घडण

'गूढ' आणि 'गुह्य' हे दोन्ही शब्द 'गुह्' म्हणजे लपविणे या धातूपासून झालेले आहेत. 'गुहा' हा शब्दही त्याच कुळातील. 'रहस्य' हा शब्द 'रहस्' म्हणजे एकांत यापासून आला. एकांतात सांगावयाचे ते रहस्य. ग्रीक भाषेतील 'मिस्टेरिऑन' हा शब्द डोळे किंवा ओठ मिटणे या अर्थाच्या क्रियापदाशी जोडला जातो. म्हणजे या सर्व शब्दांत दोन पक्ष गृहीत आहेत : एक लपविणारा आणि दुसरा ज्याच्यापासून लपवावयाचे तो.

पालि परंपरेने धम्मासाठी जो शब्द योजला तो मात्र निराळा आहे. तो शब्द म्हणजे 'गंभीर'. गंभीर म्हणजे खोल. डोहाचे पाणी खोल असते, पण ते कोणी लपविलेले नसते. काठावर कोणालाही येता येते, उतरता येते, आपल्या बळाप्रमाणे खोली मोजता येते. गुह्य आणि गंभीर यांतील हा भेद पुढील सर्व विवेचनाचा पाया आहे.

मिटलेले ओठ

प्राचीन ग्रीसमध्ये अथेन्सजवळील एल्युसिस येथे डिमीटर देवी व तिची कन्या पर्सेफोनी यांच्या नावाने दीक्षाविधी होत असत. यांत स्त्रियांना व गुलामांनाही प्रवेश होता, ही त्या काळाच्या मानाने उल्लेखनीय गोष्ट होय. परंतु दीक्षा घेतलेल्याने आत काय पाहिले ते बाहेर सांगावयाचे नाही, हा नियम अत्यंत कडक होता आणि तो मोडणाऱ्यास मृत्युदंड होता. इ.स.पू. ४१५ मध्ये अल्किबिआडिस या सेनानीवर या विधींची खाजगी नक्कल केल्याचा आरोप आला आणि त्याच्या गैरहजेरीत त्याला देहदंडाची शिक्षा सुनावली गेली. इसवी सनाच्या चौथ्या शतकाच्या अखेरीस हे विधी बंद पडले. आत नेमके काय दाखविले जाई, हे आजही पूर्णपणे ज्ञात नाही. हजारो माणसांनी हजार वर्षांहून अधिक काळ जपलेले हे ज्ञान त्यांच्याबरोबरच संपले. बंद मुठीचा शेवट पुष्कळदा असाच होतो.

भारतातही 'उपनिषद' या शब्दाचा 'जवळ बसणे' असा व्युत्पत्तीचा अर्थ आणि 'रहस्य' असा रूढ अर्थ सांगितला जातो. छांदोग्य उपनिषदात, हे ब्रह्मज्ञान पित्याने ज्येष्ठ पुत्राला किंवा योग्य शिष्याला सांगावे, अन्य कोणालाही सांगू नये, त्याने समुद्रवलयांकित पृथ्वी धनाने भरून दिली तरीही, असा निर्बंध आहे. येथे विद्या विकावयाची नाही ही भावना चांगली म्हणता येईल. पण 'योग्य' कोण, हे ठरविण्याचा अधिकार ज्यांच्या हाती होता त्यांनी त्याचे काय केले, ते धर्मसूत्रांत दिसते. वेद ऐकणाऱ्या शूद्राच्या कानात शिसे व लाख ओतण्याची शिक्षा गौतम धर्मसूत्रात नमूद आहे. एल्युसिस येथे बोलणाऱ्याला शिक्षा होती. येथे ती ऐकणाऱ्याला ठरविलेली होती. ज्ञान गुह्य झाले की त्याच्या दारावर पहारेकरी येतो, आणि पहारेकऱ्याची सत्ता हळूहळू ज्ञानापेक्षा मोठी होते.

तथागतांची भूमिका

या पार्श्वभूमीवर महापरिनिब्बान सुत्तातील प्रसंग पाहावा. वैशालीजवळच्या बेलुव गावी वर्षावासात तथागतांना कठीण आजार झाला. ते बरे झाल्यावर आनंदाने आपल्या मनातील आशा बोलून दाखविली, की भिक्खुसंघाविषयी काही सांगितल्यावाचून भगवान जाणार नाहीत. जणू काही तरी शेवटचे राखून ठेवलेले असणारच, अशी ही अपेक्षा होती. त्यावर तथागतांनी दिलेल्या उत्तराचा आशय असा : संघ माझ्याकडून आणखी कशाची अपेक्षा करतो? आतला आणि बाहेरचा असा भेद न करता मी धम्म सांगितला आहे. याबाबतीत तथागताजवळ आचार्याची बंद मूठ नाही. शिष्यांना शेवटपर्यंत आपल्यावर अवलंबून ठेवण्याचे जे साधन इतर आचार्य वापरीत, ते येथे नाकारले गेले.

अंगुत्तर निकायातील एका सुत्तात उघड्यावर शोभणाऱ्या तीन गोष्टी सांगितल्या आहेत : चंद्रबिंब, सूर्यबिंब आणि तथागतांनी प्रवेदित केलेला धम्मविनय. त्याच ठिकाणी झाकून चालणाऱ्या तीन गोष्टींत ब्राह्मणांचे मंत्र व मिथ्यादृष्टी यांची गणना आहे. या यादीत स्त्रियांचाही उल्लेख आहे. तो त्या काळच्या सामाजिक रूढीचा ठसा आहे, आणि आजच्या वाचकाने तो तसाच समजून घ्यावा. परंतु मंत्र झाकलेला आणि धम्म उघडा, हा विरोध या सुत्ताने जाणीवपूर्वक मांडला आहे, यात शंका नाही.

भाषेच्या बाबतीतही हेच धोरण दिसते. विनयपिटकातील चुल्लवग्गात यमेळु व तेकुल या ब्राह्मणकुळात जन्मलेल्या दोन भिक्खूंची हकिकत आहे. बुद्धवचन छंदस् म्हणजे वैदिक धाटणीच्या भाषेत घालावे, अशी परवानगी त्यांनी मागितली. तथागतांनी ती नाकारली आणि लोकांच्या बोलीला मान दिला. ज्या भाषेचे दार मूठभरांसाठीच उघडे होते, त्या भाषेत धम्म बंदिस्त होऊ नये, असाच याचा अर्थ घ्यावा लागतो.

मग धम्म सोपा आहे काय? तसे नाही. दीघ निकायातील महानिदान सुत्तात आनंद म्हणतो, की प्रतीत्यसमुत्पाद गंभीर म्हणतात, पण मला तर तो अगदी स्पष्ट दिसतो. तथागत त्याला तसे न बोलण्याविषयी बजावतात. हा सिद्धांत खोल आहे, तो नीट न उमगल्यामुळेच माणसे गुंतलेल्या सुताप्रमाणे गुरफटून जातात. येथे खोली मान्य आहे, परंतु त्या खोलीवर कोणाची मालकी नाही. 'एहिपस्सिको' म्हणजे 'ये आणि पाहा' या निमंत्रणात ही खोली आणि हा मोकळेपणा दोन्ही सामावलेले आहेत.

राजा मिलिंदाचा पेच

येथे एक रास्त शंका उपस्थित होते. जग शाश्वत आहे की अशाश्वत, तथागत मृत्यूनंतर असतो की नसतो, अशा प्रश्नांना तथागतांनी उत्तर दिले नाही. त्यांना 'अव्याकत' प्रश्न म्हणतात. ही बंद मूठ नव्हे काय? ही शंका मिलिंदपञ्हात ग्रीक वंशाच्या राजा मिलिंदाने भन्ते नागसेनांपुढे पेचाच्या रूपाने ठेवली आहे. मालुंक्यपुत्ताच्या प्रश्नाला उत्तर मिळाले नाही, त्याचे कारण एक तर अज्ञान असेल किंवा लपवाछपवी; तिसरे कारण असूच शकत नाही, असा राजाचा युक्तिवाद होता.

नागसेनांनी तिसरे कारण दाखवून दिले. प्रश्न चार प्रकारचे असतात. काहींचे सरळ उत्तर द्यावयाचे असते. काहींचे पृथक्करण करून उत्तर द्यावयाचे असते. काहींना प्रतिप्रश्न विचारून उत्तर द्यावयाचे असते. आणि काही प्रश्न बाजूला ठेवावयाचे असतात. या शेवटच्या प्रकाराला 'ठपनीय' असे नाव आहे. असा प्रश्न बाजूला ठेवण्यात लपविणे नसते, कारण त्याचे उत्तर देण्यास काही प्रयोजनच नसते.

मज्झिम निकायातील बाणाचा दृष्टान्त सर्वपरिचित आहे. विषारी बाण लागलेला मनुष्य, मारणारा क्षत्रिय होता की ब्राह्मण, वैश्य होता की शूद्र, त्याचे धनुष्य कशाचे होते, हे कळेपर्यंत बाण काढू देणार नाही म्हणाला, तर त्याआधीच तो मरेल. संयुत्त निकायात कोसंबी येथील शिंशपा वनातील प्रसंग आहे. तथागतांनी मूठभर पाने हातात घेऊन विचारले, की ही पाने अधिक की वनातली? जाणलेले पुष्कळ आहे, सांगितलेले थोडे. परंतु जे सांगितले नाही ते दुःखनिरोधाच्या उपयोगाचे नाही म्हणून. लक्षात घेण्यासारखी गोष्ट ही, की न सांगण्याचे कारणसुद्धा तेथे उघडपणे सांगितलेले आहे. गुह्यवादी आचार्य आपल्या मौनाचे कारण कधीच सांगत नाही, कारण त्याची सारी प्रतिष्ठा त्या मौनावर उभी असते.

अर्थात, पुढील काळात बौद्ध परंपरेतही गुह्याने प्रवेश केला, हे प्रामाणिकपणे नोंदविले पाहिजे. वज्रयानात मंत्रमार्ग गुप्त मानला गेला. 'गुह्यसमाज' या तंत्रग्रंथाच्या नावातच गुह्य आहे. आचार्याची मूठ पुन्हा मिटली. धम्माचा कोणताही संप्रदाय या मोहापासून आपोआप सुरक्षित नसतो.

साहित्यातील रहस्य

साहित्यात रहस्याचे काम निराळे आहे. तेथे वाचक आपण होऊन फसावयास तयार असतो. एडगर अॅलन पो यांनी १८४१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या एका खूनकथेपासून आधुनिक गुप्तहेरकथेचा आरंभ मानला जातो. मराठीत बाबुराव अर्नाळकर यांनी हजाराहून अधिक रहस्यकथा लिहिल्या. त्यांचा झुंजार आणि काळापहाड घरोघरी पोहोचले. मराठी भाषेने येथे एक सूक्ष्म भेद केलेला आहे. अर्नाळकरांच्या कथेला आपण 'रहस्यकथा' म्हणतो, तर रत्नाकर मतकरी यांच्या कथांना 'गूढकथा' म्हणतो. रहस्यकथेत शेवटी उलगडा झालाच पाहिजे. तो न देणारा लेखक वाचकाचा विश्वासघात करतो. गूढकथेत मात्र काही तरी न उलगडलेले मागे उरते आणि तेच वाचकाच्या मनात रेंगाळते.

तिसरा प्रकार कूटाचा. संत मुक्ताबाईंच्या नावावरील मुंगीने सूर्य गिळल्याचा अभंग, कबीरांच्या उलटबांसी आणि बौद्ध सिद्धांची चर्यागीते या प्रकारात मोडतात. हरप्रसाद शास्त्री यांना १९०७ मध्ये नेपाळात चर्यागीतांची पोथी सापडली आणि १९१६ मध्ये त्यांनी ती प्रसिद्ध केली. या गीतांच्या द्व्यर्थी भाषेला संध्याभाषा म्हणतात. सिद्धांच्या परंपरागत यादीत विणकर, चांभार, कोळी आहेत. एका गीतात नगराबाहेर झोपडी असलेल्या डोंबीचे चित्र आहे. ती ज्ञानाचे रूपक आहे, असे भाष्यकार सांगतात. ते मान्य करूनही आपण विचारले पाहिजे, की ती झोपडी नगराबाहेर का होती? रूपकाचे गूढ उकलताना समोर दिसणारे वास्तव दृष्टीआड होऊ नये. गावकुसाबाहेर राहिलेल्या वाचकाला या गीताचा वाच्यार्थही लक्ष्यार्थाइतकाच बोलका वाटेल.

विस्मरणातून जन्मलेले गूढ

काही गोष्टी कोणी लपविलेल्या नसतात. त्या विसरल्या गेल्यामुळे गूढ होतात. सम्राट अशोकाचे शिलालेख याचे ठळक उदाहरण होय. हे लेख रस्त्याकाठी, डोंगरावर, स्तंभांवर, सर्वांनी वाचावे किंवा ऐकावे म्हणून बहुतेक ठिकाणी लोकांच्या प्राकृतात कोरलेले होते. परंतु पुढे ब्राह्मी लिपीच विसरली गेली. चौदाव्या शतकात फिरोजशहा तुघलकाने टोपरा येथील स्तंभ दिल्लीस आणविला, तेव्हा त्यावरील लेख वाचणारा कोणी मिळाला नाही. लोक अशा स्तंभाला भीमाची लाट म्हणत. सर्वांत उघडे शासन सर्वांत मोठे गूढ बनले.

या गूढाचा उलगडा जेम्स प्रिन्सेप यांनी १८३७ मध्ये केला. सांची येथील अनेक लहान लेखांच्या शेवटी तीच अक्षरे पुन्हा पुन्हा येत होती. ती देणगीची नोंद असावी आणि शेवटचा शब्द 'दानं' असावा, असे त्यांनी ताडले आणि तेथून लिपी उलगडत गेली. म्हणजे किल्ली राजाच्या आज्ञेत सापडली नाही. ती सामान्य उपासक-उपासिकांच्या व भिक्खू-भिक्खुनींच्या दानलेखांत सापडली. लेखांतील 'देवानंपिय पियदसि' हा अशोकच, हे जॉर्ज टर्नर यांनी सिंहलातील पालि ग्रंथाच्या आधारे दाखविले. पुढे १९१५ मध्ये कर्नाटकातील मस्की येथील लेखात प्रत्यक्ष अशोकाचे नाव मिळाले.

महाराष्ट्रातही हेच घडले. नाशिकच्या बौद्ध लेण्यांना लोक पांडवलेणी म्हणू लागले. भिंतींवर गौतमी बलश्री, उषवदात यांचे दानलेख असताना लेण्यांचे कर्ते पांडव ठरले. कार्ले येथील लेखांत धेनुकाकटच्या एका सुताराचे आणि एका गंधिकाचे नाव आहे. श्रमिकांनी व व्यापाऱ्यांनी उभारलेल्या वास्तूंचे श्रेय पुराणकथेला मिळाले. 'हे मनुष्याचे काम नव्हे' असे जेव्हा म्हटले जाते, तेव्हा ते पुष्कळदा कोणत्या तरी मनुष्याचे नाव पुसून म्हटलेले असते.

दैनंदिन जीवनातील रहस्य

रोजच्या जीवनात रहस्याचा बाजार कसा चालतो, ते महात्मा जोतीराव फुले यांनी १८५५ मध्ये 'तृतीय रत्न' या नाटकात दाखविले. ग्रहांचे भय घालून जोशी गरोदर शेतकरणीला व तिच्या नवऱ्याला नागवितो. ग्रहांची भाषा तिला कळत नाही, हेच त्याचे भांडवल. करणी, भानामती, अंगात येणे यांचे भांडवल आजही तेच आहे. डॉ. नरेंद्र दाभोलकर यांची २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात हत्या झाली, आणि त्याच वर्षी महाराष्ट्रात जादूटोणाविरोधी कायदा झाला. चमत्काराच्या प्रदर्शनाविषयी तथागतांनी केवद्ध सुत्तात नापसंती व्यक्त केली आहे आणि मनुष्याला विचार करावयास शिकविणाऱ्या उपदेशालाच श्रेष्ठ प्रातिहार्य मानले आहे, याची येथे आठवण होते.

शासनव्यवहारातही बंद मूठ असते. १९२३ चा शासकीय गुपितांचा कायदा आणि २००५ चा माहितीचा अधिकार, या दोन कायद्यांत शासन आणि नागरिक यांच्या नात्याच्या दोन कल्पना आहेत. हजेरीपट, शिधावाटपाची नोंद, शिष्यवृत्तीची यादी मागण्याचा हक्क सामान्य माणसाला मिळाला, तो दुसऱ्या कल्पनेमुळे.

तथापि सर्वच गुप्तता वाईट असते असे नाही. गुप्त मतदानामुळे मजुराला मालकाच्या भयाविना मत देता येते. रोग्याची व्यथा वैद्याने चव्हाट्यावर मांडू नये. पातिमोक्खाच्या पठणाला गृहस्थांना प्रवेश नव्हता, याविषयीही मिलिंदाने प्रश्न केला होता आणि नागसेनांनी त्याचीही कारणे दिली होती. दुर्बळाचे रक्षण करणारी गुप्तता आणि प्रबळाची सत्ता राखणारी गुप्तता यांत अंतर केले पाहिजे.

याशिवाय एक गुप्तता अशी, जी समाज माणसावर लादतो. परदेशातील उच्च विद्या संपादन करून १९१७ मध्ये बडोद्यास नोकरीसाठी गेलेल्या डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना राहण्यास जागा मिळाली नाही. एका पारशी विश्रामगृहात त्यांना पारशी नाव धारण करून राहावे लागले. अकराव्या दिवशी लाठ्या घेतलेला जमाव आला आणि त्यांना ते घर सोडावे लागले. 'वेटिंग फॉर अ व्हिसा' या लेखनात त्यांनी ही हकिकत नोंदविली आहे. आजही भाड्याच्या खोलीसाठी आडनाव चाचरत सांगणाऱ्या तरुणाला हे रहस्य परके नाही. या गुप्ततेचा दोष लपविणाऱ्याकडे जात नाही. ज्यांनी त्याला लपावयास भाग पाडले, त्यांच्याकडे जातो.

कोडे की गूढ?

बाबासाहेबांनी हिंदू धर्मग्रंथांतील विसंगतींवर जो ग्रंथ लिहिला त्याला 'रिडल्स' म्हणजे 'कोडी' असे नाव दिले. महाराष्ट्र शासनाने तो १९८७ मध्ये प्रसिद्ध केला आणि त्यावरून मोठे वादळ उठले. त्या वादाचे एक मूळ या शब्दनिवडीतही दिसते. गूढापुढे हात जोडावयाचे असतात. कोडे सोडवावयाचे असते. ज्या गोष्टींपुढे शतकानुशतके हात जोडले गेले, त्यांना कोडे म्हणणे म्हणजे वाचकाच्या हाती पेन्सिल देणे होते.

हाच न्याय त्यांनी बौद्ध परंपरेलाही लावला. १९५७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या 'द बुद्ध अँड हिज धम्म' या ग्रंथाच्या प्रास्ताविकातच त्यांनी चार प्रश्न मांडले आहेत. सिद्धार्थाने गृहत्याग का केला, यासंबंधीचे परंपरागत उत्तर त्यांना पटले नाही, आणि तसे त्यांनी लिहिले. श्रद्धेच्या नावाखाली प्रश्न झाकणे त्यांना मान्य नव्हते.

१४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूर येथे झालेली धम्मदीक्षा या दृष्टीनेही पाहण्यासारखी आहे. एल्युसिस येथील दीक्षा बंद दालनात होई आणि ओठ मिटण्याच्या अटीवर मिळे. नागपूरची दीक्षा भर दिवसा मोकळ्या मैदानावर, लाखोंच्या समोर झाली. बावीस प्रतिज्ञा मराठीतून, मोठ्या आवाजात उच्चारल्या गेल्या. तेथे कोणाच्या कानात मंत्र सांगितला गेला नाही. ओठ उघडणे हीच त्या दीक्षेची रीत होती.

म्हणून जेव्हा कोणी आपल्यापुढे 'हे रहस्य आहे' असे म्हणेल, तेव्हा उपासकाने काही प्रश्न विचारावेत. हे कोणी लपविले आहे काय, आणि लपविल्याने लाभ कोणाचा होतो? की हे अजून कोणाला कळलेले नाही? तसे असेल तर शोध चालू ठेवावा. हे आपण विसरलेले आहे काय? तसे असेल तर वाचावयास शिकावे. हा प्रश्न दुःखमुक्तीच्या कामाचा नाही काय? तसे असेल तर तो बाजूला ठेवावा. आणि हे खरोखर गंभीर असेल, तर काठावर उभे राहून नमस्कार न करता पाण्यात उतरावे. विहारातील धम्मवर्गात बसलेल्या निरक्षर आजीलाही प्रतीत्यसमुत्पादाविषयी प्रश्न विचारण्याचा पूर्ण अधिकार आहे. आणि तिला समजेल अशा भाषेत उत्तर देणे हे शिकविणाऱ्याचे कर्तव्य आहे.